धार दाताची आणि पुढच्या उंचवट्याचीही

झटपट धार लावणाऱ्या साधनांनी चेनसॉची (लाकूड कापणाऱ्या यांत्रिक करवतीची) साखळी लवकर झिजते, हा नेहमीचा आक्षेप चालू साखळीवर दगड दाबणाऱ्या साधनांबाबत मला पटतो, कारण ती दाताचा माथा घासतात आणि गोल कानशीने येणारी आतली वक्र कड त्यांना देता येत नाही. दोन गोल कानशी आणि एक सपाट कानस एकाच चौकटीत बसवलेले साधन मात्र वेगळे आहे. ते दातासोबत त्यापुढचा उंचवटाही, म्हणजे दात लाकडात किती खोल शिरेल हे ठरवणारा भागही, घासते. हा उंचवटा बहुतेक साखळ्यांत दाताच्या कडेपेक्षा सुमारे ०.६५ मिमी खाली लागतो, आणि नुसता दातच घासत राहिल्यास हे अंतर घटून धारदार साखळीही लाकडात शिरत नाही, नुसता पिठासारखा भुसा पाडते. कानशीचा व्यास साखळीनुसारच निवडावा, ०.३२५ इंच पिचसाठी (पिच म्हणजे साखळीच्या लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधल्या अंतराचा निम्मा) तो साधारणतः ४.८ मिमी असतो.