पुरुषसूक्त: ऋग्वेदी पाठाचं ऑडिओ हवं आहे

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

घरच्या षोडशोपचार (सोळा उपचारांच्या) पूजेसाठी पुरुषसूक्त स्वरांसह शिकतोय. आम्ही ऋग्वेदी. वडिलांच्या पोथीत दहाव्या मंडलातलं ९०वं सूक्त आहे, १६ ऋचा. 'सहस्रशीर्षा'ला आवाहन, पुढच्या ऋचेला आसन, सहावीला स्नान, 'चन्द्रमा मनसो जातः'ला नैवेद्य आणि शेवटी 'यज्ञेन यज्ञमयजन्त'ला मंत्रपुष्प. एकेका उपचाराला एकेक ऋचा, किती सुटसुटीत!

पण यूट्यूबवर जे ऐकायला मिळतं ते बहुतेक कृष्ण यजुर्वेदाच्या तैत्तिरीय आरण्यकातलं, दाक्षिणात्य धाटणीचं. तिथे मंत्र १८, मध्ये 'वेदाहमेतं पुरुषं महान्तम्' येतं आणि क्रमही वेगळा. स्नानाच्या ऋचेनंतर लगेच 'सप्तास्यासन् परिधयः'. आमच्याकडे ती पंधरावी; सातवी, म्हणजे वस्त्राची, आहे 'तं यज्ञं बर्हिषि'. ऐकत ऐकत पूजा करायला गेलं की वस्त्रापाशीच गाडी अडते.

तर शाकल शाखेच्या, म्हणजे आमच्या ऋग्वेदी पाठाचं, महाराष्ट्रातल्या वैदिकांनी सावकाश म्हटलेलं रेकॉर्डिंग कुणाकडे आहे का? आणि स्वरचिन्हं ठळक छापलेली प्रत कुठली घ्यावी? माझ्या पोथीत अनुदात्ताची खालची आडवी रेघ पार पुसट झालीय, स्वरिताची उभी तेवढी दिसते.

पुण्यात किंवा ऑनलाइन संथा देणारे (म्हणजे तोंडी पाठ शिकवणारे) गुरुजी माहीत असतील तर तेही सांगा. 'मनोभावे म्हणा, चालतं' हे घरात रोज ऐकतोय, तेवढं सोडून काहीही चालेल :)