जीएफसीआय ५ मिलीअँपिअरचा, आरसीसीबी ३० चा: फरक कशासाठी?

तारजोड: जीएफसीआय आणि आरसीसीबी म्हणजे करंटची गळती दिसली की वीज तोडणारी (ट्रिप होणारी) सुरक्षा उपकरणं. अमेरिकेतला जीएफसीआय ५ मिलीअँपिअरच्या आसपास ट्रिप होतो, युरोपातला आरसीसीबी ३० चा. माणसाचं शरीर तर दोन्हीकडे सारखंच! मग ३० वाला कमी सुरक्षित का? आणि अर्थिंग नसलेल्या जुन्या वायरिंगवर हे चालतात का?

गळतीमापक: काम दोघांचं एकच: फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत आला का, ते बघणं. फरक जागेचा आहे. जीएफसीआय बहुधा सॉकेटातच असतो, त्यावर एखाददुसरं उपकरण. ४ मिलीअँपिअरच्या खाली पडायचं (ट्रिप व्हायचं) नाही, ६ ला पडलंच पाहिजे. युरोपात एक आरसीसीबी डीबीत (घराच्या मुख्य वीजपेटीत) बसतो आणि त्यावर अनेक सर्किटं असतात. कॉम्प्युटर, वॉशिंग मशीन यांच्या फिल्टरमधून थोडी गळती कायम चालू असते आणि तिची बेरीज होत जाते. तिथे ५ वाला लावलात तर सारखा अंधार. ३० वालासुद्धा १५ ते ३० मध्ये कुठेही पडू शकतो, म्हणून कायमची गळती ९ च्या आत ठेवावी.

आता सुरक्षितता. १० मिलीअँपिअरच्या आसपास स्नायू आखडतात, पकडलेली वस्तू सुटत नाही. ५ वाला त्याआधीच तोडतो, ३० वाला तिथे गप्प बसू शकतो. त्याचा रोख हृदयाची लय बिघडण्यावर: ३० ला ३०० मिलीसेकंदांत, १५० ला ४० मध्ये तोडलंच पाहिजे. त्यामुळे ५ वाला सरस, हे मान्य. पण ३० वाला कुचकामी नाही.

भूमिगत: अर्थिंगशिवाय दोन्ही चालतात. फक्त उपकरणाच्या बॉडीवर फेज आला तर हात लागेपर्यंत काही होत नाही. झटका बसतो, मग ट्रिप. अमेरिकेत जुन्या दोन पिनी सॉकेटाजागी जीएफसीआय चालतो, पण ‘अर्थ नाही’ असं लेबल लावावं लागतं.

फ्रान्ससारख्या ठिकाणी घराचा स्वतःचा अर्थ रॉड असतो. रॉडचा रेझिस्टन्स २० ओहम धरला, तरी बॉडीवर फेज आल्यावर २३० व्होल्टला रॉडमधून जेमतेम ११ अँपिअर जातो. जास्त करंट गेला तरच पडणारा १६ अँपिअरचा एमसीबी ढिम्म हलणार नाही. तिथे सगळी भिस्त आरसीसीबीवर.

तारजोड: टेस्ट बटण दाबल्यावर ट्रिप झाला, म्हणजे अर्थिंग ठीक?

भूमिगत: अजिबात नाही. बटण आतल्याच रेझिस्टरमधून थोडा करंट गळती मोजणाऱ्या कॉइलला वळसा घालून न्यूट्रलला नेतं, अर्थचा त्यात संबंध नाही. २३० व्होल्टचा आरसीसीबी १२० वर लावला, तर तो करंट निम्मा होतो आणि आरसीसीबी धडधाकट असूनही बटण फसू शकतं. शिवाय फेज आणि न्यूट्रल एकदम धरले, तर शरीर म्हणजे नुसता लोड. दोन्हींपैकी कोणीच पडणार नाही.