जॉन्सची कॉमेंट्री नीट ऐका
काही जण म्हणतात की ऑस्ट्रेलियाचा माजी रग्बी लीग खेळाडू अँड्र्यू जॉन्स टीव्हीवर कॉमेंट्री करताना नुसती खेळाडूंना नावं ठेवतो, मला हे बिलकुल पटलेलं नाही. त्याची १९९७ची फायनल बघा राव, त्याची टीम न्यूकॅसल विरुद्ध मॅनली, १६-१६ बरोबरी, शेवटची काही सेकंदं उरलेली, सगळे फील्ड गोलची (चेंडू लाथेने खांबांमधून मारून मिळणाऱ्या एका पॉइंटची) वाट बघतायत आणि बरगड्या मोडून खेळणारा हा पठ्ठ्या अरुंद बाजूने घुसतो, साथीदार डॅरेन अल्बर्टला पास, ट्राय (रेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण), मॅच २२-१६!! अंगावर काटा येतो अजून. अशी फट हेरणारा माणूस कॉमेंट्रीत डिफेन्सची चूक दाखवणारच ना, ते शिकवणंच आहे. २००७ला मानेच्या दुखापतीने खेळ सुटला नसता तर अजून बघायला मिळाला असता, २०१२ला इमॉर्टल (ऑस्ट्रेलियन रग्बी लीगचा सगळ्यात मोठा मान) केला तो उगाच नाही.