जनुकक्रम आणि खरकट्याची वही
अनेकदा असे म्हटले जाते की, आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या रोगाने मेलेल्या डुकराच्या नमुन्यातील विषाणूचा जनुकक्रम (म्हणजे त्याच्या आनुवंशिक मजकुरातील अक्षरांची रांग) वाचला की साथ कोणत्या गोठ्यातून आली ते लगेच कळते. हे अर्धेच खरे आहे. आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू डीएनएचा असून त्याचा जनुकक्रम सुमारे १,७०,००० ते १,९०,००० अक्षरांचा असतो आणि तो फार सावकाश बदलतो. २००७ मध्ये जॉर्जियात सापडलेला विषाणू मोझांबिक, मादागास्कर आणि झांबियातील विषाणूंशी जुळला, त्यावरून बंदरात उतरवलेल्या जहाजावरच्या खरकट्यातून तो आला असावा, असा अंदाज बांधता आला. परंतु विषाणूचा तोच वाण (जनुकप्रकार २) पुढे २०१८ मध्ये चीनमध्ये आणि २०२० मध्ये आसामात पोहोचला. केवळ विषाणूच्या कवचातील पी-७२ प्रथिनाचे जनुक वाचले, तर जॉर्जियापासून आसामपर्यंत उत्तर एकच येते. संपूर्ण क्रम वाचूनही शेजारच्या दोन गोठ्यांतले नमुने तंतोतंत सारखे निघू शकतात. (नेहमीचा स्वाइन फीव्हर हा वेगळा रोग, भराभर बदलणाऱ्या आरएनए विषाणूचा, त्यामुळे तिथे माग काढणे त्यामानाने सोपे.)

कोल्हापुरातील माझ्या परिचयाचे एक वराहपालक खानावळींचे खरकटे आणून, लिंबाच्या फोडी आणि प्लास्टिक वेचून काढून, त्यात विषाणू असल्यास मरावा म्हणून मोठ्या कढईत अर्धा तास उकळतात. तारीख, खानावळ आणि डब्यांची संख्या ते एका वहीत लिहितात. तिच्या पानांवर तांबड्या रश्श्याचे डाग आहेत. जनुकक्रम जिथे थांबतो, तिथून पुढचा माग अशा वहीतूनच काढावा लागतो, आणि ती बहुतेक गोठ्यांत नसते.