बोटीच्या बिल्जमध्ये पाणी येतंय, गळती कशी शोधू?

पुणेरी_खलाशी
नमस्कार मंडळी. जुनी चोवीस फुटी फायबरची केबिन बोट आहे, आत डिझेल इंजिन. रेवदंड्याच्या खाडीत नांगरलेली असते. शनिवारी बिल्ज (बोटीच्या तळातला खोलगट भाग) उपसून येतो, पुढच्या शनिवारी बादलीभर पाणी हजर. इंजिन चालवलं की जास्तच. एका कारागिराने काही न उघडताच "सगळा तळ नव्याने फायबर करावा लागेल" म्हणून लाखाच्या वर आकडा सांगितला. खरंच एवढं करायची गरज आहे का? आणि सीलंट कुठलं घेऊ? दुकानदार सिलिकॉन गळ्यात मारतोय. महिन्याभरात पाऊस येईल, जाणकारांनी मदत करावी.

खाडीवाला
तळाचं आधी डोक्यातून काढा. कुठे आपटली नसेल तर सलग फायबर सहसा गळत नाही, त्याला पाडलेली भोकं गळतात.

पहिला प्रश्न, पाणी खारं की गोडं? जुनी माणसं हाताचं बोट बुडवून चाखतात, पण त्यात डिझेल-ऑइल असतं, कशाला ती हौस! घरच्या आरओचं पाणी मोजायचा टीडीएस पेन घेऊन जा. समुद्राचं पाणी पस्तीस हजार पीपीएमच्या आसपास असतं, तिथे पेन हात टेकतो. टाकीचं पाणी काही शेकड्यांत दाखवेल. पावसाळ्यात खाडीच गोडी होते, तेव्हा हा उपाय चालत नाही. आत्ता चालेल.

मग बिल्ज फडक्याने पुसून ठणठणीत कोरडं करा आणि शाफ्टची ग्लँड (पंख्याचा दांडा तळातून बाहेर पडतो तिथला सील), पाण्याचे कॉक (तळातल्या भोकांवरचे व्हॉल्व्ह), सुकाणूचा दांडा, एक्झॉस्टचा होज, सगळ्यांच्या खाली टाल्कम पावडर भुरभुरा. थेंब ज्या वाटेने गेला ती वाट पावडरीत उमटते. आधी इंजिन बंद ठेवून बघा, मग बोट धक्क्याला पक्की बांधून गिअरमध्ये.

ग्लँडबद्दल एक. दोरीच्या पॅकिंगची जुनी ग्लँड असेल तर शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब पडायलाच हवेत, त्या पाण्यावरच ती थंड राहते. बोट उभी असताना टपकायला नको. लोक थेंब दिसला की नट आवळत सुटतात, पॅकिंग जळतं, शाफ्टला चर पडतात आणि मग खरा खर्च निघतो.

दर्या_ताई
+१. बिल्ज पंपाचं बाहेरचं तोंडही बघा. माणसं चढल्यावर बोट खाली बसते, ते तोंड पाण्याखाली गेलं तर पंप बंद झाल्यावर पाणी उलटं आत येतं. होजला वर कमान आणि सायफन तोडणारा व्हॉल्व्ह हवा.

पुणेरी_खलाशी
खाडीवाला साहेब, कमाल! ग्लँडखालची पावडर पांढरीशुभ्र. पण इंजिन थोडा वेळ चालल्यावर समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपाखाली ओला पट्टा उमटला. पंपाच्या पोटाला बारीक फट आहे, तिथून थेंब येतोय. सीलंटने बुजवू का?

शिवाय पुढच्या कप्प्यात वेगळंच पाणी सापडलं. पेन २८० दाखवतो.

खाडीवाला
फट अजिबात बुजवू नका! ती मुद्दाम ठेवलेली असते. आतला सील गेला की पाणी तिथून बाहेर पडावं, इंजिनच्या ऑइलमध्ये शिरू नये म्हणून. बुजवलीत तर डिपस्टिकवर दुधाळ चहा दिसेल. पंप उतरवा, सील किट टाका, इम्पेलरही (आतलं रबरी चाक) बदला. सील बसतो तिथे शाफ्टवर नख फिरवा. नख अडकलं तर नवा सीलही टिकणार नाही, शाफ्टही बदला.

दर्या_ताई
२८० म्हणजे गोडं, आणि मे महिन्यात पाऊस कुठला? टाकीचंच. सगळे नळ बंद करून प्रेशर पंप (टाकीचं पाणी नळांना देणारा) चालू ठेवा. मधूनमधून आपोआप टकटकला तर पाइपचा एखादा जोड गळतोय.

आता सीलंट. सिलिकॉन परत करा. एकदा लागलं की त्याचा अंश निघता निघत नाही, त्यावर रंग किंवा दुसरं सीलंट धरत नाही. पाण्याखालच्या फिटिंगला मरीन पॉलियुरेथेन. त्यातही कायमचं चिकटणारं, ३एम ५२०० सारखं, पुढेमागे काढावं लागेल अशा वस्तूला लावू नका, काढताना जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत थर) सोलून निघतो. डेकवरच्या रेलिंगच्या पायांना ब्यूटाइल टेप उत्तम. अ‍ॅक्रिलिकच्या खिडक्यांना पॉलिसल्फाइड नको, प्लॅस्टिकला तडे जातात.

सॅनदिएगोकर
इथे डेकची गळती शोधायला पाला उडवायचा ब्लोअर वापरतात. केबिनच्या एका झाकणातून हवा आत सोडायची, बाकीची दारं-फटी टेपने बंद, आणि बाहेरून सगळीकडे साबणाचं पाणी. जिथे बुडबुडे तिथे भोक. नुसता पाण्याचा पाइप मारलात तर पाणी एकीकडून शिरतं आणि छताच्या अस्तरामागून वाहत भलतीकडेच टपकतं. पावसाआधी नक्की करा. डेकच्या पोटात बाल्सा (हलकं लाकूड) किंवा प्लाय असेल तर स्क्रूच्या भोकातून शिरलेलं पाणी ते कुजवतं. अशी भोकं मोठी करून इपॉक्सीने भरायची आणि नव्याने पाडायची.

पुणेरी_खलाशी
पाइपचा जोडच निघाला, क्लिप सैल होती. पंपाची किट मागवली. सर्वांचे आभार. बोट वर काढेन तेव्हा अजून काय बघून घेऊ?

खाडीवाला
कॉक. साध्या पितळेचे असतील तर खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त झिजून जातं. चाकूने खरवडा, आत गुलाबी दिसलं तर बदला, ब्राँझचे घ्या. पाण्याखाली दोन फुटांवर एक इंची भोक उघडं पडलं तर मिनिटाला साठेक लिटर पाणी आत येतं, तुमचा छोटा बिल्ज पंप त्याला पुरणार नाही. म्हणून प्रत्येक कॉकशेजारी मऊ लाकडाची मापाची खुंटी दोरीने बांधून ठेवा. सुताराकडून करून घ्या, ऑनलाइन उगाच महाग पडतात.