चालू लिनक्स सर्व्हरमधली डिस्क बदलताना

प्रश्न: सॉफ्टवेअर रेड १ (दोन डिस्कवर तोच डेटा ठेवायची सोय) मधली एसडीबी ही डिस्क एरर देतेय. मशीन बंद न करता बदलता येईल का?

उत्तर १: बे, म्हणजे डिस्कचा खण, हॉट-स्वॅपचा (मशीन चालू असताना डिस्क काढता येणारा) असेल तर येईल. आधी स्मार्टसीटीएल या डिस्क तपासायच्या कमांडने एसडीबीचा सिरीयल नंबर बघून डिस्कवरच्या लेबलशी जुळवा. चुकून चांगली डिस्क ओढलीत तर ॲरे (दोन डिस्कची रेड जोडी) गेलाच. मग एमडीएडीएम या रेडच्या कमांडने एसडीबीची सगळी पार्टिशन्स फेल करून रिमूव्ह करा. तिच्यावर स्वॅप (मेमरीला पूरक डिस्कवरची जागा) चालू नाही ना, तेही बघा. शेवटी सिसएफएसमधल्या (कर्नल हार्डवेअर जिथे फाइल्स म्हणून दाखवतो ती जागा) तिच्या 'डिलीट' फाइलमध्ये १ लिहा.

उत्तर २: आणि लगेच ओढू नका, प्लॅटर (डिस्कच्या आतल्या फिरत्या चकत्या) थांबू द्या. नवी डिस्क दिसली नाही तर सिसएफएसमधल्या होस्टच्या (डिस्क जोडलेल्या कंट्रोलरच्या) 'स्कॅन' फाइलमध्ये मध्ये स्पेस देऊन तीन डॅश (- - -) लिहा. ती एसडीसी या वेगळ्या नावानेही येऊ शकते. बूटलोडर (सिस्टीम सुरू करणारा प्रोग्रॅम) मात्र नव्या डिस्कवर रेड आपोआप टाकत नाही, तो वेगळा बसवा.