मदत हवी आहे: भर पावसात सायकलवर आणि गडावर अंगावर लावायला कोणता कॅमेरा घ्यावा?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावची, टिळकवाडीत राहते. आमचा सायकलवाल्यांचा ग्रुप आहे. एरवी राकसकोप नाहीतर येळ्ळूरचा राजहंसगड, आणि पाऊस लागला की जांबोटी, कणकुंबी, चोर्ला. थंडीत चंदगडाकडचे गड होतात: महिपाळगड, कलानिधीगड, पारगड. या सगळ्यासाठी अंगावर लावायचा ॲक्शन कॅमेरा घ्यायचाय. कार्ड, जादा बॅटरी, माउंट सगळं धरून ५० हजारांच्या आत बसला पाहिजे.

कशासाठी हवाय ते आधी सांगते, कारण निवड त्यावरच अडून आहे. मला रील करायचे नाहीत. आमचे आप्पा खानापूर तालुक्यात शाळामास्तर होते. जांबोटीच्या पट्ट्यातल्या शाळांवर त्यांची निम्मी नोकरी झाली, ते रस्ते त्यांनी सायकलने आणि पायी तुडवलेत. आता गुडघे चालू देत नाहीत. मी घरी आले की पाय पुसायच्या आत विचारतात, मलप्रभेला पाणी किती चढलंय, कणकुंबीच्या पुढं धुकं होतं काय, रस्त्याची झाडं तोडलीत की राहिलीत. फोनवर काढलेलं टीव्हीला लावून दाखवलं तर दोन मिनिटांत त्यांना गरगरायला लागतं आणि ते डोळे मिटून घेतात. म्हणून माझ्या अटी दोनच. चित्र हलता कामा नये, आणि आवाज खरा यायला हवा. पावसाचा, ओढ्याचा, आमच्या बोलण्याचा.

दुकानात विचारलं तर सगळे ४के आणि ५.३के, म्हणजे चित्र किती बारीक येतं त्याचे आकडे, सांगतात. गोप्रोचा हिरो १३ ब्लॅक घ्या, डीजेआयचा ऑस्मो ॲक्शन ५ प्रो घ्या, इन्स्टा३६० गो ३एस घ्या, तिन्ही नावं ऐकून झाली. पण कॅमेरा अंगावर बसणार कुठं, हे कुणीच विचारत नाही. ग्रुपमधल्या एकाचा गोप्रो मागून घेऊन छातीच्या पट्ट्यावर लावून पाहिला. पट्टे बायकांच्या अंगाला नीट बसत नाहीत. वरून ओढले तर खालून सुटतात, खालून आवळले तर कॅमेरा जमिनीकडे तोंड करून बसतो. त्यात रेनकोट घातल्यावर पट्टा रेनकोटावरून बांधावा लागला. चढावर हँडलवर वाकले की पडद्यावर माझं हँडल, ब्रेकच्या वायरी आणि रेनकोटाची हलणारी नाडी, एवढंच दिसत होतं. रस्ता वरच्या बोटभर पट्टीत.

हेल्मेटवर लावला तर मी दर दोन सेकंदाला मान वळवते, मागून ट्रक येतोय का बघायला. ते आप्पांना सोसणार नाही.

तर पावसात, सायकलवर आणि पायी, दोन्हीकडे चालेल अशी जागा कुठली आणि त्या जागेला कुठला कॅमेरा शोभतो? ज्यांनी आपल्या भागातल्या पावसात वापरलाय त्यांनीच सांगितलं तर फार बरं होईल.

प्रतिसाद (खानापूर)

ताई, प्रश्न बरोबर विचारलात. आधी जागा, मग कॅमेरा.

पायी चालताना सॅकचा खांद्यावरचा पट्टा सगळ्यात चांगला. त्यावर चिमट्यासारखा बसणारा माउंट मिळतो. सॅकचा छातीवरचा आडवा पट्टा लावलात की खांद्याचा पट्टा हलत नाही, आणि चालताना मानेपेक्षा धड पुष्कळ स्थिर असतं. बायकांना छातीच्या पट्ट्याचा जो त्रास होतो तो इथं नाही. माझी बायको असाच लावते. रेनकोट आत, सॅक वर, सॅकला कव्हर, म्हणजे नाडी मध्ये येत नाही.

फक्त वजन बघा. हिरो १३ ब्लॅक १५९ ग्रॅमचा, ॲक्शन ५ प्रो १४६ ग्रॅमचा. पट्टा जाड आणि घट्ट असेल तर चालतं, पातळ पट्ट्याच्या छोट्या सॅकवर कॅमेरा डुलायला लागतो. गो ३एस ३९ ग्रॅमचा, तो कशालाही लागतो.

आणखी एक, आपल्या रानासाठी महत्त्वाचं. पावसाळ्यात आमगाव-कणकुंबीच्या बाजूला झाडीत भरदुपारी तिन्हीसांज झाल्यासारखं असतं. उजेड कमी पडला की कॅमेरा शटर सावकाश करतो आणि प्रत्येक फ्रेमच पुसट येते. स्टॅबिलायझेशन (चित्र हलू न देणारी कॅमेऱ्यातली सोय) फ्रेमा एकमेकींशी जुळवतं, पुसट झालेली फ्रेम त्याला सुधारता येत नाही. मग चित्र सरळ राहतं पण मधूनमधून थरथरल्यासारखं पुसट होतं. आप्पांना तेच जास्त लागेल. म्हणून सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, मोठा हवा. ॲक्शन ५ प्रोचा १/१.३ इंची आहे, गोप्रोचा १/१.९ इंची. उन्हात फरक कळत नाही, झाडीत कळतो.

भीमगड अभयारण्याच्या बाजूला जाणार असाल तर वनखात्याची परवानगी लागते, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

प्रतिसाद (निपाणी)

गो ३एस बघाच. गळ्यात चुंबकाचं पेंडंट घालायचं, शर्ट वरून, कॅमेरा बाहेरून चिकटतो. पट्टा नाही, नाडी नाही. कॅमेरा १० मीटरपर्यंत पाण्यात चालतो. त्याच्यासोबत येणारी पडद्याची वेगळी डबी मात्र फक्त शिंतोडे सोसते, ती पावसात बाहेर काढू नका. एकट्या कॅमेऱ्याची बॅटरी पाऊण तासही पुरत नाही, त्यामुळे तुकड्या-तुकड्यांत घ्यायची सवय लागते.

मूळ धागा लिहिणारी

दोघांचेही मनापासून आभार. सॅकच्या पट्ट्याचं लगेच पटलं. सायकलवरही मी छोटी सॅक घेतेच, उद्या त्यावर मागून आणलेला गोप्रो लावून बघते.

चुंबकाबद्दल एक अडचण आहे. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांच्या छातीत पेसमेकर आहे आणि कॅमेरा आळीपाळीने सगळे लावणार. पेसमेकरजवळ जोरदार चुंबक आणायचं नसतं. मी कितीही सांगितलं तरी कुणीतरी हौसेनं त्यांच्या गळ्यात घालेल. त्यामुळे पेंडंट बाद.

आवाजाचं कुणी सांगेल काय? उतारावर नुसता वारा ऐकू येतो.

प्रतिसाद (चिकोडी)

वाऱ्यासाठी सांगतो. कॅमेऱ्यातलं वारा कमी करणारं सेटिंग लावलं की वाऱ्याबरोबर पावसाचाही आवाज चपटा होतो. त्यापेक्षा वायरलेस माइक घ्या आणि तो रेनकोटाच्या आत, कॉलरपाशी लावा, केसाळ टोपीसकट. ॲक्शन ५ प्रोला डीजेआयचा ‘माइक २’ हा माइक थेट जोडता येतो, मध्ये वेगळा रिसिव्हर लावावा लागत नाही. हिरो १३ ला ब्लूटूथ माइक चालतो. आत लावलेल्या माइकवर तुमचं बोलणं आणि रेनकोटावर पडणारा पाऊस, दोन्ही येतं. ओढ्याचा आवाज मात्र थांबूनच घ्या. सायकल स्टँडला लावा, माइक बाहेर काढा, दोन मिनिटं कुणी बोलू नका. आप्पांना ती दोन मिनिटं सगळ्या घाटापेक्षा जास्त आवडतील.

पावसाची खरी अडचण पाणी आत जाण्याची नाही. हिरो १३ दहा मीटर, ५ प्रो वीस मीटर पाण्यात चालतो. अडचण काचेवरच्या थेंबाची. लेन्स रुंद असते आणि काच तिच्या अगदी जवळ, त्यामुळे एक थेंब अर्धा डोंगर खातो. मऊ फडकं प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडं ठेवा आणि चित्रण सुरू करायच्या आधी दर वेळी पुसा. बॅटरी बदलायची तर छपराखाली, हात पुसून. दाराच्या रबरावर गवताची काडी जरी अडकली तरी पाणी शिरतं. आणि ओली हवा आत कोंडली गेली की पुढं थंड पाऊस लागल्यावर काच आतून धुरकटते.

५ प्रोची बॅटरी कंपनी चार तास सांगते, पण ते १०८०पी, २४ फ्रेम, स्क्रीन बंद ठेवून. ४के आणि स्टॅबिलायझेशन लावून तेवढं धरू नका, जादा बॅटरी लागणारच. कार्ड व्ही३० (ही वेगाची खूण) लिहिलेलं घ्या आणि बिल असलेल्या दुकानातूनच घ्या. सेकंदाला १०० मेगाबिटने चित्रण केलं तर तासाला ४५ जीबी भरतं.

आता टीव्हीचं, कारण तुमचा सगळा खटाटोप टीव्हीसाठी आहे. हे कॅमेरे ४के चित्रण एच.२६५ नावाच्या, फाइल लहान करणाऱ्या पद्धतीत साठवतात. घरचा टीव्ही जुना असेल तर पेनड्राइव्ह लावल्यावर नुसता आवाज येईल किंवा फाइल चालणार नाही म्हणेल. शिवाय फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जातच नाही. लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडा, दोन्ही भानगडी मिटतात. आणि सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ ठेवून २५ किंवा ५० फ्रेमने काढा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ३० फ्रेमने काढलं तर ट्यूबलाइटखाली चित्र लपलपतं. चहाच्या टपरीत काढाल तेव्हा कळेल.

डोंगराची रेघ सरळ ठेवणारं हॉरायझनचं सेटिंग चालू ठेवा. सायकल वळणावर कलते तेव्हा गरगरतं ते मुख्यतः ही रेघ कलल्यामुळं.

प्रतिसाद (बेळगाव, कॅम्प)

घाटाकडे जाताना कॅम्पातून जात असाल तर कॅमेरा तिथं बंदच ठेवा, नुसता झाकू नका. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, लष्करी जागेचं चित्रण करायचं नसतं. अंगावर लावलेला कॅमेरा चालू आहे हे आपण विसरतो.

मूळ धागा लिहिणारी

हे कॅम्पाचं कुणी बोललं नसतं तर माझ्या ध्यानातच आलं नसतं. आभार.

सॅकच्या पट्ट्यावर गोप्रो लावून राकसकोपपर्यंत जाऊन आले. छातीच्या पट्ट्यापेक्षा कितीतरी बरं. वाकलं तरी कॅमेरा समोर बघतो, कारण पट्टा खांद्याच्या खळग्यात येतो. थोडा डावीकडे तोंड करतो तेवढंच, आणि त्यामुळं शेतं जास्त दिसतात. आप्पांनी पूर्ण वीस मिनिटं बघितलं, मध्ये दोनदा थांबवायला लावलं. एकदा नव्या बांधकामावरून चिडले, एकदा भाताची लावणी बघून.

तर आता ॲक्शन ५ प्रो, दोन बॅटऱ्या, एक माइक आणि सॅकचा चिमटा, असं ठरवायलोय घरी. हिरो १३ मध्ये जीपीएस आहे, पण मला वेगाचा आकडा चित्रावर नको, झाडीतला उजेड हवा. एवढंच विचारायचं राहिलं: बेळगावात कुणाकडे ५ प्रो असेल तर पाऊस चालू असताना अर्धा तास माझ्या सॅकवर लावून बघू द्याल काय? आणि बिलावर भारतातली वॉरंटी लिहून देणारं दुकान खडेबाजारात किंवा टिळकवाडीत माहीत असेल तर तेही कळवा. पंधरा दिवसांत घ्यायचाय, चोर्ल्याचा पाऊस ओसरायच्या आत.